जुनी जास्त दणकट

मी आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही. हातात धरलेलीसुद्धा नाही. सिंगापूरमध्ये चोवीस वर्षं काढलेल्या कारकुनी तब्येतीच्या माणसाला ती मिळणार कुठे? इथे खिशात रिकामं काडतूस सापडलं तरी पोलीस दारात येतात. तरीही कोणती रायफल किती दाब सोसेल हे विचारायला माझा मित्र प्रबोध मोंटानाहून मलाच फोन करायचा आणि मी छाती फुगवून उत्तरं द्यायचो. त्यातल्या एका उत्तराने तो गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे माझी जीभ टाळूला चिकटली.

प्रबोध आणि मी पुण्यात एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. तो पुढे अमेरिकेत खाणीच्या यंत्रांमध्ये रमला आणि मी आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका कंपनीत येऊन चिकटलो. तिथे मी चेकर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली ताकदीची गणितं तपासायची आणि पटली तरच सही करायची. माझ्या सहीशिवाय एक ब्रॅकेट कंपनीबाहेर जात नाही. पोरं माझ्या लाल पेनाला टरकून असतात, मागून मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मी खडूस आहे. त्याचा मला अभिमान होता.

प्रबोधला पन्नाशीत बंदुकांचं वेड लागलं. त्यातही लिव्हर-अॅक्शन रायफलींचं. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं, अशी ती जात. त्याच्याकडे दोन होत्या. एक हल्लीची, दुकानातून घेतलेली. दुसरी सव्वाशे वर्षं जुनी, एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या लिलावातून आणलेली. दोन्हींत काडतूस एकच बसायचं. आणि काडतुसं हा पठ्ठ्या स्वतः घरी भरायचा. पितळेची नळी, दारू, गोळी, सगळं तराजूवर तोलून. अशी घरी भरणाऱ्यांसाठी पुस्तकं असतात. त्यात त्याच काडतुसाच्या वेगवेगळ्या भरण्या दिलेल्या असतात: जुन्या, कमजोर बंदुकांसाठी हलकी, मजबूत बंदुकांसाठी जड. जड भरणीत आतला दाब जवळजवळ दीडपट होतो.

"शिऱ्या," एका रविवारी तो फोनवर म्हणाला, "नवीत मी जड भरणी मारतोच. पण मला जुनीत घालायचीय. तिचा सांगाडा बघ ना, नवीपेक्षा भक्कम वाटतो. तू गणित मांडून सांग. शुभदाने अट घातलीय. शिरीष हो म्हणाला तरच, नाहीतर हात लावायचा नाही."

शुभदा त्याची बायको. तिला बंदुकांची भीती वाटायची आणि माझ्यावर तिचा विश्वास होता. लग्नानंतर तिने पहिल्यांदा ओव्हन घेतला तेव्हाही वायर किती जाडीची हवी हे मला विचारलं होतं.

मी मोहरलो. ऑफिसात ब्रॅकेट तपासून जीव विटलेला. इथे निदान काहीतरी पुरुषी, धुराचा वास असलेलं काम होतं. प्रबोधने कॅलिपरने एकेक माप घेऊन पाठवलं आणि मी दर रविवारी घरी बसून संगणकावर दोन्ही रायफलींचा सांगाडा उभा केला. गोळी सुटते तेव्हा दाब मागेही ढकलतो आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा पोलादी दट्ट्या, मागे उडू नये म्हणून त्याला खिट्या अडवून धरतात. नवीत एकच खिटी. जुनीत दोन, उभ्या, दोन्ही बाजूंना. काय देखणी रचना होती! मी अनघाला, माझ्या बायकोला, बोलावून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. आता भाजी आणायला जा."

आमचा मुलगा कुशल तेव्हा नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत होता. शनिवार-रविवार घरी यायचा, केस भादरलेले, खांदे रुंद झालेले. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

"बाबा, यू नेव्हर फायर बिफोर. हाऊ यू नो सेफ ऑर नॉट सेफ?"

"गणिताला युनिफॉर्म लागत नाही," मी म्हणालो.

"ऑन पेपर ओन्ली लाह," असं म्हणून तो फ्रिजकडे गेला. मी त्याच्यावर दोन दिवस चिडून होतो.

आता माझी चूक. ती नीट सांगतो, कारण ती अडाण्याची चूक नाही, शिकलेल्या माणसाचीच आहे. दोन रचनांमध्ये कोणती भक्कम हे ठरवायचं असेल तर पोलाद दोन्हींकडे सारखं धरायचं, म्हणजे फरक उरतो तो फक्त आकाराचा. हे आम्हाला पहिल्या वर्षाला घोटून शिकवलं होतं. मीही तसंच केलं. दोन्ही रायफली नव्या, कडक पोलादाच्या धरल्या. उत्तर आलं: जुनी तीस टक्क्यांनी जास्त दणकट. दुसऱ्या पानावर मी माझ्या सवयीने लिहिलंही होतं की हे केवळ तुलनेसाठी आहे, जुनीचं पोलाद त्या काळचं आणि मऊ असणार, ते तपासल्याशिवाय हे आकडे वापरू नयेत. स्वच्छ, ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी हार्बरफ्रंटला फेरी टर्मिनलवर उभा होतो. ऑफिसची टोळी सहलीला इंडोनेशियातल्या बाटम बेटावर निघाली होती. लॅपटॉप उघडून मी शेवटचा हात फिरवत होतो, तेवढ्यात प्रबोधचा मेसेज आला. "शिकारीचा सीझन तोंडावर आलाय. झालं का?"

मी पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून पाठवला. फक्त पहिल्या. त्यावर रंगीत चित्रं होती, दोन आकडे होते आणि ते फार सुरेख दिसत होतं.

"म्हणजे जुनीत जड भरणी घालू?" त्याने विचारलं.

मागून सहकारी ओरडत होते, गेट उघडलं होतं, रांग पुढे सरकत होती. मी एका हाताने पासपोर्ट धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहिलं, "घाल बिनधास्त. जुनीच जास्त दणकट."

त्याने एक हसरा चेहरा पाठवला. मी फेरीत चढलो. पूर्ण फाइल नंतर पाठवू असं मनाशी म्हटलं होतं. नाही पाठवली. बाटमला मासे खाल्ले, उन्हाने नाक सोललं, सोमवारी ऑफिस.

पुढच्याच बुधवारी मी अदितीला झाडत होतो. अदिती आमच्याकडची नवी मुलगी, नागपूरची, हुशार. तिने एका रिपोर्टात गृहीत धरलेल्या गोष्टी शेवटच्या पानावर ढकलल्या होत्या. "पहिल्या पानावर हव्यात!" मी ओरडलो. "माणूस पहिलं पानच बघतो! कोणी मेलं म्हणजे शेवटचं पान दाखवणार का?" आणि हे बोलता बोलता प्रबोधला पाठवलेलं ते एकच पान माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी समोरच्या खुर्चीत बसलो. अदितीला वाटलं मला चक्कर आली. तिने पाणी आणून दिलं.

तेव्हा लगेच फोन करायचा होता. मोंटानात तेव्हा संध्याकाळ होती, माणूस जेवायला बसला असेल, उचललाही असता. एक वाक्य बोलायचं होतं: प्रब्या, थांब, चुकलो. तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढत आलो, माझी चूक मीच सांगायची पाळी आली नव्हती. मी स्वतःची समजूत घातली की तोही इंजिनिअर आहे, त्याला कळत नाही का? रविवारी आमचा नेहमीचा फोन असतोच, तेव्हा हसतखेळत विषय काढू. "अरे, ते पोलाद कुठलं आहे बघ हं," असं सहज. म्हणजे चूकही सुधारली जाईल आणि नाकही शाबूत राहील.

रविवारी फोन आला, पण शुभदाचा. पहाटे सहाला. प्रबोध शनिवारी सकाळी नेमबाजीच्या मैदानावर गेला होता. वीस काडतुसांच्या डबीत सहा शिल्लक होती. चौदावं नळीत असताना जुनीचा सांगाडा फाटला आणि बोल्ट मागे आला. पुढचं ती बोलू शकली नाही आणि मला ऐकायचंही नव्हतं. शर्टाच्या खिशातला त्याचा फोनही फुटून गेला होता.

"शिरीष," ती रडता रडता म्हणाली, "तू नाही म्हणाला होतास ना रे त्याला?"

मी "हं" म्हणालो. फक्त हं. तिचा धीर सुटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. अनघाला मात्र त्याच सकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला सांग. आजच सांग. जितका उशीर करशील तितकं ते सडत जाईल."

मी उशीर केला. सहा आठवडे केला. फोन उचलायचा, ठेवायचा. कधी तिथे रात्र असायची, कधी तिच्याकडे माणसं असायची. कारणं काय, पैशाला पासरी.

मग शुभदाच आली. अस्थी घेऊन पुण्याला निघाली होती, वाटेत सिंगापूरला दोन दिवस आमच्याकडे. चांगी विमानतळावर तिला पाहिलं आणि ओळखलंच नाही. बाई अर्धी झाली होती. एकटीच होती. तिची मुलगी क्षिप्रा सिएटलला शिकते. ती आईला विमानतळावर सोडून परत गेली होती.

फ्लॅटच्या दारात शुभदा थबकली. "अस्थी घरात नेत नाहीत ना," ती म्हणाली. गावाकडे झाडाला टांगून ठेवतात. अकराव्या मजल्यावर झाड कुठलं? कॉरिडॉरमध्ये ठेवावं तर शेजारच्या मिसेस टॅनची चपलांची फळी. शेवटी अनघाने मागच्या सर्व्हिस यार्डात, कपडे वाळत घालायच्या काठ्यांखाली, एक पाट ठेवला आणि त्यावर ती पिशवी. माझ्या मित्राला मी वॉशिंग मशीनशेजारी जागा दिली. तिथून जाताना मला त्या बाजूला मान वळवता येत नव्हती.

जेवताना शुभदा बोलत होती. थांबतच नव्हती.

"मला त्याच्या मरणाचं एक दुःख आहे, पण त्याहून मोठं दुसरंच आहे. त्या सकाळी मी दारात विचारलं, जुनी का घेतलीस? शिरीष हो म्हणाला का? तर म्हणाला, हो, शिऱ्याने पास केलीय. माझ्या डोळ्यात बघून म्हणाला. शिरीष, अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तो माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. आणि शेवटचं वाक्य बोलला ते खोटं."

अनघाने माझ्याकडे पाहिलं. बोल, असं तिचे डोळे म्हणत होते. आता बोल.

"शुभदा," मी म्हणालो, "ऐक. ते गणित मी..."

"तू काय करणार होतास?" तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "तू केलंस ना तुझं काम. मीही केलं. मी त्याला बजावलं होतं, शिरीषला विचारल्याशिवाय नाही. मीच तुझ्याकडे पाठवलं त्याला. मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही रे. एवढ्या एका गोष्टीवर मी झोपते. नाहीतर वेड लागलं असतं मला."

मी पाणी प्यायलो. खरं सांगितलं तर तिच्या हातातली ती एकच गोष्ट हिसकावून घेतल्यासारखं होईल, असा विचार माझ्या मनात आला. फार दयाळू विचार वाटला तो मला. आज मला त्या दयाळूपणाची शिसारी येते. भेकडाला कारण लागतं, मला ते आयतं ताटात वाढून मिळालं.

भांडी आवरताना अनघा हळू आवाजात म्हणाली, "तो माणूस खरं बोलून गेला आणि तू त्याला खोटा ठरवतोयस. मित्र म्हणवतोस?"

"उद्या सांगतो."

"तुझा उद्या मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी नऊला शुभदाने फोन टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. सिएटलला शुक्रवारची संध्याकाळ. "क्षिप्राशी बोल," ती मला म्हणाली. "माझं ऐकत नाही. तिला म्हणावं, सोमवारपर्यंत पुण्याला ये. बापाच्या अस्थी एकट्या आईने सोडायच्या का? तुझं ऐकेल ती."

पडद्यावर क्षिप्रा आली. तेवीस वर्षांची मुलगी, प्रबोधचं कपाळ, प्रबोधच्याच जाड भुवया. मी तिला लहानपणी खांद्यावर घेऊन बोटॅनिक गार्डन फिरवलं होतं. मी म्हणालो, "बेटा, आईला सोबत हवी गं. राग असेल तर असू दे, पण जा."

"काका, राग गनचा नाहीये," ती म्हणाली. तिचं मराठी अडखळत यायचं, पण त्या दिवशी शब्द शोधून शोधून बोलत होती. "लोक हंटिंग करतात, ॲक्सिडेंट होतात. आय गेट इट. पण बाबा आईशी खोटं बोलले. तुमचं नाव घेऊन खोटं बोलले. आईला कळलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिलाय. तो मी विसरू शकत नाही."

"अगं..."

"नाही, काका, मला विचारू द्या. एकच क्वेश्चन. तुम्ही बाबांना हो म्हणाला होता का? तुम्ही हो म्हणाला असाल ना, तर बाबा खरं बोलले. मग मी आत्ता तिकीट काढते. आय स्वेअर, मी आज रात्री निघते. प्लीज, मला खरं सांगा."

तिचा आवाज शेवटी फाटला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरीला बापाचा राग नकोच होता. तो कोणीतरी तिच्या हातातून काढून घ्यावा म्हणून ती गयावया करत होती. एक शब्द पुरे होता. हो. प्रबोध धुतल्या तांदळासारखा उभा राहिला असता, मुलगी पुण्याला गेली असती, आणि मी जो आहे तो सगळ्यांना दिसलो असतो.

अनघा ओट्याशी पाठ करून उभी होती. तिने चालू नळ बंद केला. शुभदा माझ्या शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीवर, माझ्याकडे टक लावून. तिच्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता. इतक्या विश्वासाने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही, माझ्या बायकोनेही नाही. ती नजर माझ्यावरून निघून जाईल याची मला भीती वाटली. खरं कारण तेवढंच होतं. तिची झोप वगैरे काही नाही.

"मी नाही म्हणालो होतो, क्षिप्रा," मी म्हणालो.

पडद्यावर चित्र अडकलं की काय असं मला वाटलं. मग तिने मान हलवली, मोठ्या माणसासारखी.

"ओके. थँक्यू, काका. तुम्ही तरी खरं बोललात." आणि आईला म्हणाली, "तू जा. मला नाही जमणार. सॉरी."

फोन बंद झाला. अनघा हात पुसून आतल्या खोलीत निघून गेली आणि तिने दार लावून घेतलं. शुभदा डोळे टिपत होती. मी रडतोय हे तिला दिसलं तेव्हा तिने खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"नको रे इतका त्रास करून घेऊस," ती म्हणाली. "तुझा काय दोष? तू तर त्याला सांगितलं होतंस."

मी हात काढून घेतला नाही.